हाडाचा टीबी : फोटोत काय दिसते, काय दिसत नाही

कंबर दुखते म्हटले की घरात कारणे तयार असतात. पाण्याचे हंडे उचलले, दिवसभर वाकून लादी पुसली, गोणी वाहिली, बाळंतपण झाले, वय झाले. बहुतेक वेळा ही कारणे खरीही असतात आणि दुखणे दोन-चार आठवड्यांत उतरते. पण काही जणांचे उतरत नाही. मालिश होते, कमरेला पट्टा येतो, दुखण्याच्या गोळ्या होतात. एक्स-रे काढला जातो आणि "फोटो चांगला आहे" असे सांगून घरी पाठवले जाते. पुढे काही महिन्यांनी त्याच माणसाचे पाय लटपटायला लागतात आणि मोठ्या रुग्णालयात कळते की मणक्याला टीबी झाला आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी आम्ही हाडा-सांध्याच्या टीबीत काढल्या जाणाऱ्या फोटोंबद्दल लिहीत आहोत. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय ही नावे आता वस्तीत सर्वांना माहीत आहेत. कोणता फोटो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. दोन गोष्टी सुरुवातीलाच मनात पक्क्या करू. पहिली, सुरुवातीचा साधा एक्स-रे चांगला आला म्हणून हाडाचा टीबी नाही असे ठरत नाही. दुसरी, एमआरआयच्या कागदावर टीबीचा संशय लिहून आला म्हणजे तपास संपला असेही नाही. या दोन गोष्टी ज्या घराला माहीत असतील, त्या घरातल्या माणसाचे पाय वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

टीबी हाडात कसा पोचतो?

टीबी म्हणजे खोकला, बडखा, छाती एवढेच आपण धरून चालतो. जंतू श्वासातूनच शरीरात येतात हे खरे. पण फुप्फुसातून ते रक्तात उतरून शरीरात कुठेही जाऊन बसू शकतात. शंभर टीबी रुग्णांमध्ये साधारण एक ते तिघांना तो हाडा-सांध्यांत होतो. त्यातले निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. त्यानंतर खुबा आणि गुडघा. लहान मुलांमध्ये हाताच्या बोटांची हाडेही फुगतात.

हा आजार नवा नाही. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या मणक्यांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि लुळे पडलेले पाय यांचा संबंध नोंदवला, म्हणून आजही मणक्याच्या टीबीला डॉक्टर 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. हा जंतू शोधणारे जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून आपल्याकडच्या रिपोर्टवर 'कॉक्स स्पाइन' असेही लिहिलेले असते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, मणक्याचा टीबी. रिपोर्टवर टीबी हा शब्द नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आणखी एक. हाडाच्या टीबीच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा छातीचा फोटो स्वच्छ असतो. त्यामुळे "खोकला नाही, छाती साफ आहे, मग टीबी कसा?" हा प्रश्न इथे चालत नाही.

कोणते दुखणे साधे समजू नये?

- कंबर, पाठ किंवा मान सहा आठवड्यांहून जास्त दुखते आहे आणि विश्रांती घेऊनही, रात्री झोपेतही दुखते.
- सोबत संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन उतरणे.
- मणक्यावर एका ठिकाणी दाबले की दुखते किंवा तिथे हाड वर आल्यासारखे हाताला लागते.
- खाली पडलेली वस्तू उचलताना माणूस पाठ न वाकवता गुडघ्यात बसून उचलतो.
- जांघेत, कमरेच्या बाजूला किंवा पाठीवर मऊ गाठ येते. ती लाल नसते, गरमही लागत नाही.
- एकच खुबा किंवा एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला राहतो, मांडीचे मांस झिजते.
- मूल लंगडते, खेळणे सोडते, रात्री झोपेत ओरडून उठते.

ही लक्षणे असलेल्या सर्वांनाच टीबी असतो असे नाही. पण अशा दुखण्याला मालिश आणि गोळ्यांवर महिने घालवू नयेत. हाडवैद्याकडून पाठ मोडून घेणे तर मुळीच नको, कारण आतला मणका पोखरलेला असेल तर त्या झटक्याने तो खचू शकतो. सुजलेल्या सांध्यात कारण न शोधता स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. थोडे दिवस बरे वाटते आणि आतला जंतू मोकळा सुटतो.

चालताना पाय अडखळणे, पायातली चप्पल नकळत निसटणे, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसले तर ओपीडीच्या वाराची किंवा एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही खूण आहे. इथे दिवस मोजावे लागतात.

साधा एक्स-रे : पहिली पायरी, पण उशिरा बोलणारी

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये एक्स-रे शोधला. तेव्हापासून आजतागायत हाडाच्या आजारात पहिला फोटो हाच. स्वस्त आहे, पालिकेच्या मोठ्या दवाखान्यात आणि जिल्हा रुग्णालयात मिळतो, पाच मिनिटांत होतो.

एक्स-रेत हाड पांढरे दिसते ते त्यातल्या कॅल्शियममुळे. जंतू हाड पोखरू लागला की कॅल्शियम कमी होते. पण ते साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे कमी होईपर्यंत फोटोत फरक दिसत नाही. भिंतीला आतून वाळवी लागते आणि वरचा रंग जसाच्या तसा असतो, तसे हे आहे. म्हणजे दुखणे सुरू झाल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, फोटो 'नॉर्मल' येऊ शकतो. त्या दिवशी काढलेला फोटो खोटा नसतो. आजार अजून त्याच्या नजरेत आलेला नसतो. म्हणून फोटो चांगला आला आणि दुखणे कायम राहिले, तर परत जायचे. "मागच्या महिन्यात फोटो काढला होता, तो चांगला होता, पण दुखणे वाढले आहे" हे वाक्य डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे.

पुढे फोटोत काय दिसू लागते? मणक्याची हाडे एकावर एक ठेवलेल्या चकत्यांसारखी असतात आणि दोन हाडांमध्ये मऊ गादी असते. टीबी बहुतेक वेळा शेजारशेजारच्या दोन हाडांना धरतो. आधी त्यांच्या कडा धूसर होतात, मधली जागा अरुंद होते. मग हाडाचा पुढचा भाग ढासळतो, मणका पुढे झुकतो आणि पाठीवर कुबड येते. शेजारी पू साठला असेल तर मणक्याच्या बाजूला फुगीर सावली दिसते. बरगड्या संपून कंबर सुरू होते त्या भागात हा आजार जास्त आढळतो.

खुबा किंवा गुडघ्याच्या फोटोत तीन गोष्टी पाहतात : सांध्याजवळचे हाड विरळ होणे, हाडाच्या कडेला कुरतडल्यासारखे खड्डे पडणे आणि सांध्यातली फट हळूहळू कमी होणे. यातला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या जंतूंच्या पूमुळे सांधा थोड्या दिवसांत खराब होतो. टीबी महिने घेतो. तेवढा वेळ आपल्या हातात असतो, तो वाया घालवायचा नाही.

एक्स-रे काढताना लक्ष ठेवा. मणक्याचा फोटो समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून हवा, कारण मधली जागा आणि कुबड बाजूच्या फोटोतच नीट कळते. खुब्याचा असेल तर दोन्ही खुबे एकाच फोटोत, गुडघ्याचा असेल तर दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढलेले बरे. चांगल्या बाजूशी तुलना केली की आजारी बाजूचा बारीक फरकही कळतो. पोटात बाळ असेल किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन

सोनोग्राफी फक्त गरोदर बाईसाठी असते असे नाही. हाडाच्या आतले तिला दिसत नाही, पण सांध्यातले पाणी आणि मांसातला पू चांगला दिसतो. मणक्याच्या टीबीचा पू पाठीच्या आतल्या स्नायूंतून घसरत जांघेपर्यंत उतरतो. हाच तो 'थंड पू', ज्याला ठणका आणि उष्णता नसते. सोनोग्राफीत पाहत पाहत सुई घालून हा पू काढता येतो आणि तपासणीला पाठवता येतो. पुष्कळदा हाडाला हात न लावताच नमुना मिळतो.

सीटी स्कॅन म्हणजे एक्स-रेच, पण शरीराचे पावाच्या कापांसारखे अनेक काप दाखवणारा. हाड नेमके किती आणि कुठे खाल्ले गेले, तुकडे किती पडले, पूमध्ये चुन्याचे कण आहेत का, हे तो उत्तम दाखवतो. हाडाचा तुकडा काढायचा असेल तेव्हा सुईला वाट दाखवण्याचे कामही सीटी करतो. मज्जारज्जूची अवस्था मात्र त्यात नीट कळत नाही आणि किरणांचा मारा साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, "सगळेच एकदा करून टाकू" म्हणून सीटी काढू नये.

एमआरआय : लवकर बोलणारा फोटो

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मोठ्या चुंबकाच्या मदतीने शरीरातल्या पाण्याच्या अंशावरून चित्र तयार होते. टीबीचा जंतू हाडात बसला की कॅल्शियम जाण्याच्या बरेच आधी तिथे सूज येते, म्हणजे पाणी वाढते. ते एमआरआयला दिसते. एक्स-रे गप्प असतो त्या काळात एमआरआय बोलतो, तो यामुळे. शिवाय पू कुठे आणि किती, तो मागे सरकून मज्जारज्जूला दाबतो आहे का, रज्जूला इजा झाली आहे का, हे सर्वांत चांगले एमआरआयमध्येच कळते.

काही रुग्णांत मणक्याच्या दोन वेगवेगळ्या, एकमेकींपासून लांबच्या ठिकाणी टीबी असतो. दुखते एकाच जागी. म्हणून कमरेचा एमआरआय काढताना पूर्ण मणक्याची झटपट पाहणीही करायची आहे का, हे डॉक्टरांना विचारा. एकाच फेरीत काम होते.

एमआरआयला जाताना :

- मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, सेफ्टी पिना, केसांतले आकडे, कमरेची किल्ली, मोबाइल, श्रवणयंत्र, सगळे बाहेर ठेवा.
- हृदयात पेसमेकर, हाडात सळई किंवा प्लेट, मेंदूच्या शिरेत क्लिप, तांबी बसवलेली असेल तर आधी सांगा. पुष्कळ वस्तूंनी अडचण येत नाही, पण ठरवायचे तंत्रज्ञांनी.
- वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर ते जरूर सांगा. चुंबकाने तो कण हलू शकतो.
- काही वेळा शिरेत औषध देऊन फोटो काढतात. किडनीचा आजार असेल किंवा पोटात बाळ असेल तर सांगा.
- अर्धा-पाऊण तास बोगद्यासारख्या जागेत न हलता पडून राहावे लागते आणि मोठा ठकठक आवाज होतो. भीती वाटली तर हातात दिलेला फुगा दाबायचा. लहान मुलांना झोपेचे औषध द्यावे लागते, म्हणून उपाशी किती वेळ ठेवायचे ते आधी विचारा.

रिपोर्टमधले शब्द

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि हातात पडला की घर घाबरते. काही शब्द ओळखीचे करून घेऊ.

'मॅरो इडीमा' म्हणजे हाडाच्या आतली सूज. 'एन्डप्लेट इरोजन' म्हणजे हाडाची कड कुरतडलेली. 'रिड्यूस्ड डिस्क स्पेस' म्हणजे दोन मणक्यांतली जागा कमी झालेली. 'लिटिक लीजन' म्हणजे हाड खाल्ले गेलेली जागा. 'पॅराव्हर्टेब्रल कलेक्शन' म्हणजे मणक्याशेजारी साठलेला पू, 'सोआस ॲब्सेस' म्हणजे पाठीच्या आतल्या स्नायूतला पू. 'एपिड्युरल' हा शब्द दिसला तर पू किंवा सूज रज्जूच्या बाजूला आलेली असते. 'कॉर्ड कम्प्रेशन' म्हणजे रज्जूवर दाब. हे लिहिलेले असेल तर रिपोर्ट पिशवीत ठेवून पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, लगेच दाखवा. 'कायफोसिस' म्हणजे मणका पुढे वाकणे, कुबड.

शेवटी बहुधा 'सजेस्टिव्ह ऑफ कॉक्स' किंवा 'इन्फेक्टिव्ह स्पॉन्डिलोडिस्कायटिस' आणि 'क्लिनिकल कोरिलेशन' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की टीबीसारखे किंवा जंतूंच्या आजारासारखे दिसते आहे, आता डॉक्टरांनी रुग्ण तपासून ठरवावे. फोटो पाहणारा डॉक्टर इथे संशय नोंदवतो, निकाल देत नाही.

फोटोनंतर नमुना, आणि नमुन्याच्या दोन बाटल्या

टीबीसारखेच चित्र इतर जंतूंच्या पूमुळे, जनावरांपासून येणाऱ्या ब्रुसेला जंतूमुळे, कधी शरीरात पसरलेल्या कर्करोगामुळेही दिसू शकते. शिवाय टीबी आहे हे खरे ठरले, तरी तो कोणत्या औषधाला दाद देईल हे कुठलाच फोटो सांगत नाही. मुंबईसारख्या शहरात औषधांना दाद न देणारा टीबी ही गंभीर अडचण आहे. म्हणून शक्य असेल तिथे औषध सुरू करण्याआधी पू किंवा हाडाचा छोटा तुकडा काढून तपासतात. याला बायोप्सी म्हणतात. बहुतेक वेळा जागा बधिर करून सुईनेच होते. "सुई लावली की आजार पसरतो" ही भीती निराधार आहे.

आता जी गोष्ट सांगतो, ती घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने लक्षात ठेवावी. काढलेला नमुना दोन बाटल्यांत जायला हवा. एक बाटली फॉर्मालिनची. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरी बाटली साध्या सलाइनची, फॉर्मालिन नसलेली. त्यातून सीबीनॅट किंवा ट्रूनॅट आणि कल्चर ही तपासणी होते. सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, हे काही तासांत कळते. कल्चरमध्ये जंतू वाढवून पाहतात, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो. सगळा नमुना त्यातच टाकला तर कल्चर होऊ शकत नाही आणि पुन्हा सुई लावण्याची वेळ येते. म्हणून बायोप्सीच्या आधी नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, सलाइनमध्येही नमुना पाठवणार ना?" कोणी रागावले तरी हा प्रश्न विचारायचा.

रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. 'टीबी गोल्ड' किंवा हातावर टोचून केलेली मॉन्टू चाचणी जंतू कधीतरी शरीरात आल्याचे सांगते. आज हाडात टीबी आहे की नाही हे सांगत नाही. अशा चाचण्यांवर पैसे घालवण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा.

औषध सुरू झाले. आता फोटो परत केव्हा?

हाडाच्या टीबीचे औषध साधारण १२ महिने चालते, काहींना १८ महिन्यांपर्यंत. सुरुवातीला चार औषधे, नंतर तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे होणे, सारखी उलटी, नजर धूसर होणे किंवा रंग ओळखताना गोंधळ होणे, यांपैकी काही झाले तर लगेच दाखवा.

बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही, हे ठासून सांगायला हवे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. एस. एम. तुली यांनी मणक्याच्या टीबीसाठी 'मधला मार्ग' दाखवला आणि १९७५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांना औषध आणि विश्रांती द्यायची. औषधाने पायांची ताकद परत येत नसेल, वाढत्या पूमुळे किंवा कुबडामुळे धोका असेल त्यांचेच ऑपरेशन करायचे. ऑपरेशनची सोय मोजकी असलेल्या आपल्या देशात ही पद्धत फार उपयोगी ठरली. लुळे पडलेले पाय औषधाने परत चालू लागतात, मात्र उपचार वेळेत सुरू व्हायला हवेत.

इथे फोटोबद्दलचा आणखी एक गैरसमज दूर करू. औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की घरचे म्हणतात, एमआरआय काढून बघू, किती बरे झाले. पण एमआरआयमधले चित्र माणसापेक्षा मागे चालते. रुग्णाचा ताप गेलेला असतो, वजन वाढलेले असते, दुखणे कमी झालेले असते, आणि फोटोत सूज व पू तसेच, कधी जास्तही दिसतात. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असे समजून घाबरणे, औषध बदलणे किंवा सोडणे चुकीचे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत प्रगती मोजायची ती माणसाकडे पाहून. महिन्याला वजन लिहून ठेवा, ताप पाहा, किती पावले चालता येते ते पाहा. ठरावीक महिन्यांनी साधा एक्स-रे आणि पुढे गरजेप्रमाणे एमआरआय डॉक्टर सांगतील. उलटही लक्षात ठेवा. दुखणे थांबले म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात गोळ्या सोडू नका. हाड भरून यायला वेळ लागतो.

मात्र वजन वाढत नाही, ताप जात नाही, नवी गाठ आली, पायांची ताकद कमी झाली, तर फोटोची तारीख दूर असली तरी आधी दाखवा.

लहान मुलांचे कुबड

मोठ्या माणसाचा मणका बरा झाला की त्याचा आकार बहुधा तिथेच थांबतो. मुलाचे तसे नसते. टीबी पूर्ण बरा झाल्यावरही, मूल उंच होता होता कुबड वाढू शकते. कोईमतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी मुलांच्या साध्या एक्स-रेवर ओळखता येणाऱ्या चार खुणा २००१ मध्ये मांडल्या. त्यांवरून कोणाचे कुबड वाढण्याचा धोका आहे हे आधीच कळते आणि वेळेवर ऑपरेशन करता येते. त्यासाठी महागड्या फोटोची गरज नाही, साधा एक्स-रे पुरतो. म्हणून मुलाचे औषध संपले तरी वाढ पूर्ण होईपर्यंत अस्थिरोग विभागात दाखवत राहा. मूल चांगले पळते आहे म्हणून जाणे बंद करू नका.

ताट वेगळे करू नका

फक्त हाडात असलेला टीबी खोकल्यातून, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा बाळाला अंगावर पाजल्याने पसरत नाही. फुप्फुसातही आहे का, हे पाहण्यासाठी छातीचा फोटो आणि गरज पडल्यास बडखा तपासतात. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे. पण रुग्णाला कोपऱ्यात बसवणे, सुनेला माहेरी पाठवणे, मुलीचे लग्न मोडणे याला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. सूनबाईची कंबर दुखते म्हटल्यावर "कामचुकार आहे" म्हणणारे घर तिचे महिने वाया घालवते. लपवून ठेवलेला आजार उशिरा सापडतो आणि उशिरा सापडलेला मणक्याचा टीबी आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो.

खर्च, हक्क आणि कागद

टीबीची औषधे आणि सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतले तरी टीबीची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. ही मदत छातीच्या टीबीपुरती नाही, हाडाच्या टीबीलाही आहे. "तुमचा छातीचा नाही" असे सांगून कोणी परत पाठवले तर टीबी विभागात विचारा. निक्षयचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे.

एमआरआय खासगीत काढला तर काही हजार रुपये जातात. त्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात विचारा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ऑपरेशन सांगितले असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का हे विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. हे मागणे म्हणजे भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.

आणि फिल्म जपा. एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्मची घडी करू नका, गादीखाली ठेवू नका. पावसाळ्यात घरात पाणी येते, फिल्म एकमेकींना चिकटतात आणि वाचता येत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच खिळ्याला टांगून ठेवा. प्रत्येक पाकिटावर तारीख लिहा. डॉक्टर बदलला तरी जुनी फिल्म, रिपोर्ट, केसपेपर, सीडी सगळे सोबत न्या. सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवल्यावर जे कळते, ते एकट्या नव्या फोटोवरून कळत नाही. तोच खर्च दुसऱ्यांदाही वाचतो.

थोडक्यात

- सहा आठवड्यांहून जास्त, रात्रीही होणारी पाठदुखी तपासून घ्या.
- पहिला एक्स-रे चांगला असूनही दुखणे राहिले तर परत जा, एमआरआयबद्दल विचारा.
- पाय लटपटले, लघवी अडली किंवा नकळत झाली तर त्याच दिवशी रुग्णालय.
- फोटोवर टीबीचा संशय आला तर नमुना, आणि नमुन्याच्या दोन बाटल्या.
- औषध पूर्ण करा. मधल्या फोटोला घाबरून सोडू नका.

येत्या रविवारी विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत हे पान कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा : आपल्या गल्लीत कोणाची पाठ महिनोन्‌महिने दुखते आहे? उत्तरात एखादे नाव आले, तर आशाताईंना सोबत घेऊन त्या व्यक्तीला त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जा.